रकान्यात काय लिहायचे?

देवासाठी सगळे सोडून दिलेल्या माणसांच्या कथा आम्हा ख्रिस्ती लोकांना लहानपणापासून ऐकवल्या जातात. वसईचा गोन्सालो गार्सिया पूर्वेकडच्या समुद्रात व्यापार करून चांगला स्थिरावला होता. तो पसारा आवरून मनिलात फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू म्हणून शिरला आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला क्रुसावर मारला गेला. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा जात गेली, गोत गेले, काही वर्षे बायकोही दुरावली. पुढे 1917 मध्ये मिशनचा पगारही सोडून ते साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ घेऊन बसले. या कथा खऱ्या आहेत आणि मला प्रिय आहेत. पण माझ्या भागातल्या ख्रिस्ती घरांत आज ही निवड वेगळ्या ठिकाणी करावी लागते. ती सेतू केंद्राच्या खिडकीशी, प्रतिज्ञापत्राच्या छापील कागदावर करावी लागते, आणि तिच्या कथा कोणी सांगत नाही.

माझा भाग म्हणजे नगर. आता ते अहिल्यानगर आहे, पण बोलताना नगरच तोंडात येते. अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये इथे काम सुरू केले आणि पुढच्या काळात जिल्ह्यातल्या महारवाड्यांतली, मांगवाड्यांतली पुष्कळ घरे ख्रिस्ती झाली. त्यांतली कितीतरी घरे शाळेच्या दाखल्यावर अजून ‘हिंदू महार’ किंवा ‘हिंदू मांग’ आहेत. याचे कारण 10 ऑगस्ट 1950 चा राष्ट्रपतींचा आदेश. हिंदू धर्माबाहेरच्या माणसाला अनुसूचित जातीचा मानता येणार नाही, असे त्याचे तिसरे कलम सांगते. 1956 मध्ये त्यात शिखांचा समावेश झाला, 1990 मध्ये बौद्धांचा. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. म्हणून रविवारी मंडळीत ख्रिस्ती आणि सोमवारी कचेरीत हिंदू, अशी दुहेरी नोंद पिढ्यान्‌पिढ्या चालत आली.

पुढचा संवाद काका आणि पुतणी यांच्यातला आहे. तो एका घरातला नाही. अनेक घरांत मी ऐकलेले बोलणे इथे दोघांच्या तोंडी घातले आहे. काका जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले आहेत, मंडळीच्या पंच कमिटीत आहेत. पुतणी पदवीधर आहे, तलाठी भरतीचा अभ्यास करते, रविवारच्या शाळेत मुलांना शिकवते. वडील गेल्यापासून घरात ती आणि आई. जात वैधतेसाठी प्रतिज्ञापत्र करायची वेळ आली तेव्हा तिने सही करायला नकार दिला.

काका : नकार कशाला देतेस, बाळ? तुझ्या बापाने हीच सही केली, मी केली. आमच्या पोटात प्रभू नव्हता का?

पुतणी : होता, काका. तुमच्या प्रार्थना ऐकतच मी मोठी झाले. पप्पा दवाखान्यात होते तेव्हा सगळी मंडळी रात्र रात्र व्हरांड्यात बसली होती. मला तेव्हा काही कळत नव्हतं, फक्त एवढं कळत होतं की आपण एकटे नाही. त्या रात्रींपासून येशूवरचा विश्वास माझा स्वतःचा झाला. आता त्या कागदावर ‘मी हिंदू धर्माचे पालन करते’ असं शपथेवर लिहायचं म्हणजे त्या रात्री खोट्या होत्या असं लिहायचं.

काका : कागद सरकारचा आहे. कैसराचं ते कैसराला द्या, असं प्रभूनेच सांगितलंय ना?

पुतणी : नाणं कैसराचं होतं म्हणून. माझं नाव आणि माझी शपथ कैसराची नाही.

काका : शास्त्रातच बोलायचं तर नामानाचं काय? दुसऱ्या राजे पुस्तकाचा पाचवा अध्याय. कोड बरं झाल्यावर त्याने फक्त परमेश्वराला भजायचं ठरवलं. पण राजाबरोबर रिम्मोनाच्या देवळात जावं लागेल, तिथे वाकावं लागेल, त्याची क्षमा असावी, असं तो अलीशाला म्हणाला. अलीशाने काय उत्तर दिलं? शांतीने जा. संदेष्ट्याला नोकरदाराची अडचण समजली, तुला समजत नाही.

काकांचा हा दाखला कच्चा नाही. रोजच्या भाकरीत अडकलेल्या श्रद्धेला पवित्र शास्त्राने दाखवलेली ही फार मोठी दया आहे. मोठ्या सभांत त्यागावर बोलणाऱ्या आमच्या वक्त्यांना हा अध्याय क्वचित आठवतो.

पुतणी : नामानाने ते कोणापासून लपवलं नाही, काका. आधीच जाऊन सांगितलं, की हे चूक आहे, माझा नाइलाज आहे. आपण कोणाला सांगितलं? पाळकांना ठाऊक आहे, पंचांना ठाऊक आहे, कोणी बोलत नाही. क्षमा कोणी मागितली नाही, म्हणून ‘शांतीने जा’ असंही कोणी म्हटलं नाही. तुम्हाला ती शांती मिळाली का?

काका : (थोडं थांबून) माझ्या दाखल्याच्या चौकशीला दक्षता पथक येणार होतं त्या दिवशी तुझ्या आजीने भिंतीवरचा येशूचा फोटो उतरवला. धान्याच्या कणगीमागे ठेवला. क्रूस होता तोही काढला. खिळ्याची जागा पांढरी दिसत होती म्हणून तिथे कॅलेंडर लावलं. ते लोक चहा पिऊन गेले. संध्याकाळी आजीने फोटो पुसून परत लावला आणि जेवली नाही. विचारलंस म्हणून सांगितलं.

पुतणी : मला हे माहीत नव्हतं.

काका : कोणालाच सांगितलं नव्हतं. पण माझ्या त्या नोकरीवर तुझ्या बापाचं शिक्षण झालं, तुझ्या आत्याचं लग्न झालं. ती भूक तू पाहिलेली नाहीस. गावात आपलं घर आजही कुठे आहे? वाड्यातच. गावाने आपल्याला कधी ‘ख्रिस्ती पाटील’ म्हटलं नाही. बाप्तिस्मा झाला तरी पाण्याची घागर वेगळीच राहिली. मिशनच्या शाळेत बाकावर बसलो, पण गावच्या हॉटेलात आमचा कप वेगळा होता. जात धर्माबरोबर गेली नाही, तर जातीची सवलत धर्माबरोबर का जावी? हा माझा साधा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर दिल्लीत कोणी देत नाही.

पुतणी : प्रश्न शंभर टक्के खरा आहे. रंगनाथ मिश्र आयोगाने 2007 मध्ये हेच म्हटलं, की अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी बांधू नका.

काका : मग? आपल्या हक्काचं आपण घेतो, त्यात चोरी कसली?

पुतणी : हक्क आहे तर तो उघड मागायचा. आपण लपून घेतो, म्हणून तो हक्क राहत नाही, पकडला जाऊ शकणारा गुन्हा होतो. नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने पुद्दुचेरीच्या एका बाईच्या प्रकरणात निकाल दिला. तिचा बाप्तिस्मा झालेला, ती नियमित चर्चला जाणारी, आणि नोकरीसाठी अनुसूचित जातीचा दाखला मागत होती. श्रद्धा ख्रिस्ती असताना केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचं सांगणं ही राज्यघटनेची फसवणूक आहे, असं कोर्ट म्हणालं. आपल्याला ‘पोटासाठी बाटले’ म्हणणारे त्या निकालाकडे बोट दाखवतात, आणि आपण एक शब्द बोलू शकत नाही.

‘पोटासाठी बाटले’ हे शब्द मीही ऐकत आलो आहे. 1876 ते 78 च्या दुष्काळात मिशनने अन्न दिले, म्हणून लोक ख्रिस्ती झाले, असे आमच्याबद्दल दीडशे वर्षे बोलले जाते. भुकेलेल्याला अन्न देणाऱ्याच्या देवाबद्दल कुतूहल वाटले तर त्यात लाज वाटण्यासारखे मला काही दिसत नाही. आणि स्वातंत्र्यानंतरचा हिशेब पाहिला तर ख्रिस्ती राहण्यात पोटाचा तोटाच आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जातींना 13 टक्के जागा आहेत. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात धरले जाते. तिथे 19 टक्के आहेत, पण स्पर्धा अनेक पटींनी मोठी आणि वर नॉन-क्रीमी लेयरची अट. राखीव मतदारसंघातून उभे राहता येत नाही. अनुसूचित जातींचे संरक्षण करणारा 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा उघडपणे ख्रिस्ती असलेल्या माणसाला लागू होत नाही. जातीवरून मार खाल्ला तरी फिर्याद साध्या मारहाणीची. लाभासाठी धर्म बदलणारा माणूस असा धर्म निवडत नाही.

काका : कोर्टाचं सांगतेस, मग हेही ऐक. तू ख्रिस्ती लिहिलंस की समिती विचारणार, घरातले बाकीचे कोण? माझ्या मुलाची वैधता माझ्या दाखल्यावर झाली. त्याची नोकरी आहे, गृहकर्जाचे हप्ते आहेत, दोन पोरं आहेत. दाखला रद्द झाला तर नोकरी जाते, घेतलेले लाभ परत करावे लागतात, खटला होतो तो वेगळाच. तुझ्या भक्तीची किंमत तो का भरेल? देवाला वाहिलं असं सांगून आईबापांना न देणाऱ्यांना येशूनेच खडसावलंय, मार्कच्या सातव्या अध्यायात. घरच्यांच्या पानातलं काढून देवाला नैवेद्य दाखवू नकोस.

इथे पुतणी बराच वेळ गप्प राहिली, आणि मला ते योग्य वाटले. काकांच्या सगळ्या बोलण्यात हा भाग सगळ्यांत जड आहे. टिळकांच्या बाबतीतही हाच प्रश्न उभा राहिला होता. टिळकांनी सोडले त्याची किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली. लहान मुलाला घेऊन त्यांनी काढलेली ती वर्षे ‘स्मृतिचित्रे’त आहेत. त्या नवऱ्यामागे लगेच गेल्या नाहीत. त्यांनी वेळ घेतला, स्वतःच्या मनातला विटाळ आधी स्वतः धुऊन काढला, आणि 1900 मध्ये आपल्या पायांनी मंडळीत आल्या. मला त्यांचा बाप्तिस्मा टिळकांच्या बाप्तिस्म्याइतकाच मोलाचा वाटतो, कारण तो त्यांचा स्वतःचा होता. एकाच्या श्रद्धेने दुसऱ्याला ओढत नेऊ नये, ही गोष्ट त्या बाईने न सांगता शिकवली.

पुतणी : दादाचं मी कोणाला सांगणार नाही. समितीने विचारलं तर माझ्यापुरतं बोलेन. त्याने काय करायचं ते त्याने आणि प्रभूने ठरवावं. पण त्याला वाचवण्यासाठी मी शपथेवर खोटं बोलायचं, हे तुम्ही माझ्याकडून मागू नका. भीती मलाही वाटते, काका. वहिनीला तोंड कसं दाखवू, हा विचार रोज येतो.

काका : टिळकांची गोष्ट वेगळी होती. ते चित्पावन, कवी, पंडित. त्यांनी सोडलं तर मराठी जगाने लिहून ठेवलं. मिशनने पगार दिला, ‘ज्ञानोदय’ दिला, त्यांचे अभंग आपण आजही उपासनेत गातो. रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या बाप्तिस्म्याच्या आधीच होत्या. माझ्या आजोबाने काय सोडलं हे कोणत्या पुस्तकात आहे? त्याच्याकडे सोडण्यासारखं काय होतं, हेच कोणी विचारलं नाही. तू तलाठ्याची जागा सोडशील तर तीही कुठे लिहिली जाणार नाही. दुसऱ्या दिवशी ती कोणीतरी घेईल.

पुतणी : कोणीतरी म्हणजे वाड्यातलीच एखादी मुलगी घेईल. बौद्ध असेल, मातंग असेल. ती माझ्याइतकीच गरीब असेल. तिने कागदावर खरं लिहिलं, मी खोटं लिहून तिच्या पुढे जायचं, हेही मला जमत नाही.

काका : बौद्धांचं उदाहरण देऊ नकोस. 1956 ला त्यांनी धर्म बदलला तर इथल्या सरकारने, यशवंतरावांच्या काळात, त्यांना राज्यापुरत्या सवलती दिल्या. त्यांच्यामागे बाबासाहेब होते, पक्ष होता, संख्या होती. आपल्यामागे कोण?

पुतणी : केंद्राच्या सवलतींसाठी ते 1990 पर्यंत थांबले, चौतीस वर्षं. तोवर किती घरांनी दाखल्यावर ‘बौद्ध’च लिहिलं, नुकसान सोसलं आणि मोर्चे काढले. लपले असते तर संख्या दिसली असती का? आपली संख्या नाही म्हणता, काका, पण ती आपणच खोडतो. सुप्रीम कोर्टात 2004 पासून याचिका पडून आहे. सरकारने 2022 मध्ये बालकृष्णन आयोग नेमला, त्याला मुदतवाढ मिळत गेली. ‘दलित ख्रिस्ती किती, त्यांची अवस्था काय’ असं आयोग विचारतो तेव्हा आपल्या गावात एकही दलित ख्रिस्ती कागदावर नाही. मग न्यायमूर्तींनी कोणासाठी लिहायचं?

काका : म्हणजे तुझी भक्ती चळवळीसाठी आहे?

पुतणी : नाही. आयोगाने उद्या उलटं लिहिलं तरी मी सही करणार नव्हते. पेत्राने शेकोटीजवळ तीनदा नाकारलं, ते मी रविवारच्या शाळेत मुलांना दरवर्षी सांगते. मुलं विचारतात, ताई, तो घाबरला होता का? मी म्हणते, हो. ती विचारतात, मग देवाने त्याला टाकलं का? मी म्हणते, नाही, परत जवळ घेतलं. हे सांगताना माझ्या पिशवीत तो कोरा प्रतिज्ञापत्राचा कागद असतो. मला पेत्रासारखं परत जवळ घेतील हे ठाऊक आहे, म्हणून मी आधीच ठरवून नाकारायचं का?

काकांनी याला उत्तर दिले नाही. त्यांनी दुसरी, फार व्यवहाराची गोष्ट विचारली : वय निघून चालले, फी कोण भरणार, आईकडे कोण पाहणार? पुतणीकडे त्याचे पक्के उत्तर नव्हते. तिने चर्चच्या रजिस्टरवरून बाप्तिस्म्याचा दाखला काढला आहे, धर्माच्या नोंदीसाठी राजपत्रात द्यायचा अर्ज भरून ठेवला आहे, आणि इतर मागासवर्गातून अर्ज करणार आहे. त्या यादीत तिचे गुण पुरतील की नाही, हे तिला माहीत नाही. काका म्हणाले, “मी तुला अडवणार नाही. पण साक्षीदार म्हणून सहीला मला बोलावू नकोस.”

मी पुतणीच्या बाजूचा आहे, हे स्पष्ट सांगतो. 1950 च्या आदेशातले तिसरे कलम अन्यायाचे आहे, हे काकांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. पण अन्यायाच्या कलमावर उपाय म्हणून आपण आपल्याच घरातला क्रूस कणगीमागे ठेवला, आणि त्याने कलमाला धक्का लागला नाही, उलट बळ मिळाले. येशूवरची भक्ती फक्त रविवारच्या दोन तासांपुरती मागितली जात नाही. ती नावावर, दाखल्यावर, नोकरीच्या अर्जावरही मागितली जाते, आणि तिथे ती महाग पडते. ही किंमत ठाऊक असून ती द्यायला तयार झालेल्या मुलीला मी गोन्सालो गार्सियाच्या ओळीत बसवतो. काकांना मात्र मी दोष देणार नाही. रात्री न जेवलेल्या त्या आजीलाही नाही. त्यांच्यावर ही पाळी आणणारा आदेश सरकारचा होता आणि त्यांना एकटे सोडणारी मंडळी आमची होती.

कारण इथे आमचा, म्हणजे मंडळ्यांचा आणि संस्थांचा, वाटा मोठा आहे. आम्ही त्यागावर उपदेश देतो, दानाच्या पिशवीत त्यांचे पैसे घेतो, आणि दाखल्याचा विषय निघाला की खाली बघतो. अल्पसंख्याक म्हणून मिळालेल्या हक्कावर आमच्या शाळा, महाविद्यालये, नर्सिंगची विद्यालये चालतात. तीच मुले प्रवेशाला ख्रिस्ती आणि नोकरीला हिंदू होतात, हे संस्थाचालकांना पक्के माहीत आहे. दुष्काळात रस्त्यावर पडलेल्या बायका-पोरींना रमाबाईंनी केडगावला आणले तेव्हा त्यांना नुसता उपदेश केला नाही; छापखाना, शेती, विणकाम शिकवून पायावर उभे केले. तेवढी जबाबदारी आपण एका पुतणीबद्दल घेऊ शकतो की नाही?

म्हणून माझी मागणी आहे. खरा दाखला घेऊन येणाऱ्या मुलामुलीला आपल्या संस्थांनी पहिली जागा द्यावी. त्यांची फी मंडळीच्या वार्षिक दानातून ठरवून बाजूला काढावी. आयोगासमोर आणि कोर्टात जाणारी निवेदने पाळकांनी उपासनेनंतर वाचून दाखवावीत आणि सह्या घ्याव्यात. आणि 2027 च्या जनगणनेत सगळ्यांच्या जातीची नोंद होणार आहे. प्रगणक दाराशी येईल तेव्हा नगर, सोलापूर, जालना, छत्रपती संभाजीनगरच्या प्रत्येक ख्रिस्ती घराने धर्म विचारल्यावर ‘ख्रिस्ती’ सांगावे, आणि जात विचारल्यावर जी आहे ती जात सांगावी.